वेगवाला की दमवाला? १० किलोमीटरची तयारी आपल्या बलस्थानावर कशी बांधायची

बहुतेक रनिंग ग्रुपमध्ये मंगळवारचा बेत सगळ्यांना सारखाच असतो. ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक ८० सेकंदांत, मध्ये दीड मिनिट हळू जॉगिंग. आता असे दोन धावपटू घ्या, ज्यांची ३२०० मीटरची वेळ तंतोतंत सारखी आहे: १२ मिनिटं ५० सेकंद. चौथ्या फेरीनंतर त्यातला एक आरामात गप्पा मारतोय आणि दुसरा गुडघ्यांवर हात टेकून उभा आहे. दुसऱ्याला लगेच सल्ला मिळतो, ‘तुझा स्पीड कमी पडतो, स्पीडवर काम कर.’ गुरुवारी किलोमीटरला ४:१२ च्या पेसने (म्हणजे दर किलोमीटर ४ मिनिटं १२ सेकंदांत) अर्धा तास टेम्पो, म्हणजे जोरदार पण एकसारखी धाव, असते. तिथे चित्र उलटं होतं. मंगळवारी गप्पा मारणारा विसाव्या मिनिटाला मागे पडतो आणि त्याला ऐकावं लागतं, ‘तुझा स्टॅमिना नाही, लांब पळ.’

दोघंही सल्ला मनावर घेतात आणि पुढचं वर्षभर नेमकं तेच करतात जे त्यांना सगळ्यात कमी जमतं. वर्षअखेरीस दोघांच्या वेळा फारशा बदललेल्या नसतात.

या दोघांमध्ये कमी-जास्त कोणी नाही. मंगळवारी गप्पा मारणारा वेगवाला आहे, दुसरा दमवाला. हा फरक मोजता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ४०० मीटरचा ट्रॅक आणि साधं स्टॉपवॉच पुरतं.

दोन धावा, दोन आकडे

प्रत्येक धावपटूचा एक टिकाऊ वेग असतो. क्रीडाशास्त्रात त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. या वेगाच्या खाली पळताना शरीराचा जमाखर्च जुळतो: प्राणवायूची मागणी एका पातळीवर स्थिरावते, रक्तातलं लॅक्टेट (जोरदार मेहनतीत स्नायूंत तयार होणारा पदार्थ) वाढत जात नाही. या वेगाच्या वर गेलात, अगदी थोडं जरी गेलात, की काहीच स्थिर राहत नाही. प्राणवायूचा वापर कमाल मर्यादेकडे चढत जातो, स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट (झटपट ऊर्जेचा साठा) उतरत जातं, आम्लता वाढते, आणि ठरावीक काळाने थांबावं लागतं.

किती काळाने, हे दुसरा आकडा सांगतो. टिकाऊ वेगाच्या वर पळण्यासाठी प्रत्येकाजवळ एक राखीव गंगाजळी असते आणि ती चक्क मीटरमध्ये मोजतात. इंग्रजी पुस्तकांत ती डी-प्राइम नावाने सापडेल. टिकाऊ वेगापेक्षा जितकं जास्त अंतर तुम्ही कापता, तितके मीटर तिच्यातून वजा होतात. ती संपली की वेग आपोआप टिकाऊ वेगावर किंवा त्याखाली येतो, तुमची इच्छा असो वा नसो. वेग कमी केला की ती पुन्हा भरते, पण रिकामी होते त्यापेक्षा सावकाश.

हे दोन्ही आकडे काढायला दोन धावा लागतात: १२०० मीटर (तीन फेऱ्या) आणि ३२०० मीटर (आठ फेऱ्या), दोन्ही जीव तोडून. मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. दोन्ही दिवशी वेळ सारखीच, शक्यतो सकाळी सहाच्या सुमारास. आधी १५ मिनिटं हळू जॉगिंग, मग ८० मीटरचे चार स्ट्राइड्स (वेग हळूहळू वाढवत नेलेल्या छोट्या धावा), मग पाच मिनिटं चालणं. पळायचं ते आतल्या पहिल्या लेनमध्येच, कारण दुसऱ्या लेनची फेरी साधारण ४०७ मीटर भरते आणि आठ फेऱ्यांत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. घड्याळातल्या जीपीएसवर ट्रॅकवर विसंबू नका. वळणांवर ते चुकतं. फेऱ्या मोजा, वेळ हाताने घ्या. ट्रॅक नसेल तर शाळेच्या मैदानावर टेपने २०० मीटरची फेरी आखली तरी चालते, फक्त वळणं फार तोकडी नकोत.

मग हिशोब. ३२०० वजा १२०० म्हणजे २००० मीटर; त्याला दोन्ही वेळांच्या फरकाने, सेकंदांत, भागायचं. तो टिकाऊ वेग. मग हा वेग गुणिले १२०० मीटरची वेळ, आणि जे येईल ते १२०० मधून वजा. ती गंगाजळी.

आपल्या दोघांचं पाहू. वेगवाल्याने १२०० मीटर ४:१० मध्ये, म्हणजे २५० सेकंदांत काढले, ३२०० मीटर ७७० सेकंदांत. २००० भागिले ५२० म्हणजे सेकंदाला ३.८५ मीटर, किलोमीटरला ४:२० चा पेस. गंगाजळी आली सुमारे २३८ मीटर. दमवाल्याला १२०० मीटरला ४:३४ लागली, म्हणजे २७४ सेकंद. ३२०० ला तेच ७७०. त्याचा टिकाऊ वेग सेकंदाला ४.०३ मीटर, पेस ४:०८. गंगाजळी मात्र जेमतेम ९५ मीटर.

३२०० मीटरवर हे दोघं खांद्याला खांदा लावून पोचतात. याच आकड्यांवरून ८०० मीटरचा अंदाज काढला तर वेगवाला २:२६ आणि दमवाला २:५५. १० किलोमीटरला कागदावर वेगवाला ४२:१८ आणि दमवाला ४०:५६. (हे सूत्र १५-२० मिनिटांपलीकडे जरा उदार होतं. प्रत्यक्षात दमवाल्याने दीड-दोन टक्के आणि वेगवाल्याने तीनेक टक्के वेळ वाढवून धरावी.)

आता मंगळवारच्या त्या फेऱ्या पुन्हा बघा. ८० सेकंदांत ४०० मीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. वेगवाल्याचे प्रत्येक फेरीत ९२ मीटर खर्च होतात, शिलकीच्या दोन पंचमांशांहून कमी. दमवाल्याचे ७७ मीटर खर्च होतात, पण ९५ पैकी. पहिल्याच फेरीत त्याचं जवळजवळ सगळं संपलं. दीड मिनिटात ते भरून येत नाही, म्हणून चौथ्या फेरीला तो वाकलेला दिसतो. गुरुवारी ४:१२ चा पेस दमवाल्याच्या टिकाऊ वेगाखाली येतो; तो तासभर नाही तरी अर्धा तास नक्की तग धरतो. वेगवाल्यासाठी तोच पेस टिकाऊ वेगाच्या वर आहे. २० मिनिटांत त्याचे १४६ मीटर जातात आणि साधारण ३२ व्या मिनिटाला खाली ठणठणाट. बेत एकच, पण शरीरावर दोन वेगळी कामं झाली.

आकड्यांवर किती विसंबायचं

गंगाजळी १२० मीटरच्या खाली असेल तर ढोबळमानाने दमवाला, २०० च्या वर असेल तर वेगवाला. मधले बरेच जण मिश्र असतात आणि त्यांना या लेखातला फार थोडा भाग लागू पडतो. मात्र ही रेघ दगडावरची नव्हे. १२०० मीटरची वेळ फक्त पाच सेकंदांनी घसरली तर वेगवाल्याची गंगाजळी २३८ वरून २१० वर येते. ३२०० मीटरची धाव पहिल्या फेरीत उधळल्यामुळे २० सेकंदांनी बिघडली, तर टिकाऊ वेगाचा पेस ४:२० ऐवजी ४:३० दिसतो आणि गंगाजळी २७४ वर जाते, म्हणजे माणूस आहे त्याहून जास्त वेगवाला वाटतो. ३२०० मीटरची पहिली फेरी सरासरीपेक्षा तीन सेकंदांहून वेगात गेली असेल तर ती चाचणी रद्द समजा आणि आठवड्याने पुन्हा घ्या.

यापेक्षा मोठा घोळ नवशिक्यांचा होतो. पळायला लागून वर्ष झालेलं नाही, आठवड्याला २५ किलोमीटरही होत नाहीत, अशा जवळपास प्रत्येकाची चाचणी ‘वेगवाला’ असंच सांगते. त्याचा अर्थ एवढाच, की दम अजून कमावलेला नाही. ते बलस्थान नाही, ते अर्धवट राहिलेलं काम आहे. वर्षभर नियमित, मुख्यतः हळू, आठवड्याला ३०-४० किलोमीटर पळून झाल्यावरच स्वतःवर शिक्का मारा.

पडताळणीला जुने निकाल कामी येतात. अंतर दुप्पट झालं की वेळ सरासरीने २.०८५ पट होते. ५ किलोमीटर २२:०० मध्ये पळणाऱ्याचे १० किलोमीटर ४५:५२ च्या आसपास यायला हवेत. तुमचे सातत्याने ४६:३० च्या पुढे जात असतील तर कल वेगाकडे, ४५:१५ च्या आत येत असतील तर दमाकडे. दोन्ही स्पर्धा सारख्या हवेत आणि सारख्या रस्त्यावर झालेल्या हव्यात. जानेवारीतलं पुणं आणि मेमधली मुंबई यांची तुलना करून हाती काही लागणार नाही.

हा फरक येतो कुठून? बराचसा स्नायूंच्या तंतूंमधून. मंद तंतू सहज थकत नाहीत पण झटका देऊ शकत नाहीत. जलद तंतूंचं उलट. कोणाकडे किती, हे बहुतांश जन्मतःच ठरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एक फार उपयोगी गोष्ट दाखवली. त्यांनी मंद तंतू जास्त असलेल्यांना आणि जलद तंतू जास्त असलेल्यांना सायकलवर ३० सेकंदांचे तीन जोरदार झटके मारायला लावले. मंद तंतूवाले २० मिनिटांत पूर्ववत झाले. जलद तंतूवाले पाच तासांनंतरही पूर्ण सावरले नव्हते. वेगवाल्या धावपटूला ‘काल तर एवढंसंच केलं, आज पाय का जड?’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर इथे आहे. त्याला आळशी ठरवण्याआधी कोचने हे लक्षात घ्यावं.

दोन दिशांनी एकाच वेगाकडे

समजा लक्ष्य १० किलोमीटर आणि हातात दहा आठवडे आहेत. दोघांनाही शेवटी स्पर्धेचा वेगच पक्का करायचा आहे. पण वेगवाल्याने वरून खाली यायचं आणि दमवाल्याने खालून वर जायचं. जिथे पाय आधीच रोवलेला आहे तिथून सुरुवात.

वेगवाल्याचे पहिले तीन आठवडे: ८ वेळा ३०० मीटर, प्रत्येक ६० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत-जॉगिंग. हे त्याला सोपं जातं, आणि जावंच. पुढचे तीन आठवडे ६ वेळा ५०० मीटर, प्रत्येक दोन मिनिटांत, विश्रांती दीड मिनिट. सातव्या ते नवव्या आठवड्यात ५ वेळा १००० मीटर ४:१५ ने, विश्रांती ७५ सेकंद. अंतर वाढत गेलं, वेग स्पर्धेकडे उतरत गेला, विश्रांती आटत गेली. त्याच्या वेगाला हळूहळू लांबी मिळते.

टेम्पो त्याने सलग करूच नये, तुकड्यांत करावा. ६ मिनिटांचे पाच तुकडे, ४:२६ ते ४:३२ च्या पेसने, मध्ये एक मिनिट हळू जॉगिंग. सहाव्या आठवड्यानंतर ८ मिनिटांचे चार. एकूण काम ३० मिनिटांच्या आसपास तेवढंच, पण टिकाऊ वेगाची रेषा ओलांडली जात नाही. रविवारी १४ ते १६ किलोमीटर, किलोमीटरला साडेपाच मिनिटांहून हळू. एवढं पुरे, त्याने २२-२४ किलोमीटरचे लॉंग रन करून १० किलोमीटरची वेळ सुधारण्याची आशा धरणं म्हणजे आठवड्यातल्या बाकीच्या कसरती वाया घालवणं. दोन जोरदार दिवसांमध्ये त्याला निदान दोन पूर्ण सोपे दिवस हवेत. सात दिवसांच्या आठवड्यात ते बसत नसेल तर दहा दिवसांचं चक्र करा. आठवडा कॅलेंडरचा आहे, पायांना त्याच्याशी देणंघेणं नाही.

दमवाल्याची सुरुवात टेम्पोपासून: २५ मिनिटं सलग ४:१४ ते ४:१८ ने, चौथ्या आठवड्यापर्यंत ३५ मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून त्यात १००० मीटरचे पाच तुकडे येतात, ४:०५ ने, ७५ सेकंदांच्या जॉगिंगसह. ४:०५ ने एका किलोमीटरमागे त्याचे फक्त १२ मीटर खर्च होतात, त्यामुळे ही कसरत तो शिस्तीत पुरी करतो आणि दोन दिवसांनी पुन्हा टेम्पोला उभा राहतो. शेवटच्या तीन आठवड्यांत सहा तुकडे, ४:०० ते ४:०२ ने, विश्रांती दोन मिनिटं. रविवारी १६ ते २० किलोमीटर. आठवड्याचं अंतर त्याने ५०-६० पर्यंत न्यायला हरकत नाही. जास्त अंतर पचवण्याची ताकद हेच त्याचं भांडवल आहे, आणि बऱ्याच ग्रुपमध्ये ते वापरलंच जात नाही, कारण सगळ्यांना चाळीसची सवय.

दोघांनीही आपली दुसरी बाजू पार सोडून द्यायची नाही. ती मरू न देण्याइतका डोस ठेवायचा. दमवाल्याला आठवड्यातून दोनदा सोप्या धावेच्या शेवटी ८० मीटरचे सहा स्ट्राइड्स, आणि एकदा चढावर १० सेकंदांचे आठ झटके, प्रत्येकानंतर चालत खाली. एवढ्या छोट्या झटक्यांनी थकवा साचत नाही. जिममध्ये आठवड्यातून दोनदा स्क्वॅट आणि एका पायावर पोटऱ्यांचे रेझेस, वजन घेऊन ६-८ चे तीन सेट. चाळिशीपुढच्या दमवाल्याने हे चुकवू नये. वयाबरोबर आधी जातो तो झटका. वेगवाल्याचा डोस म्हणजे त्याचे तुकड्यातले टेम्पो आणि रविवारची धाव, दहापैकी एकही आठवडा न गाळता.

इथे हमखास बिघडतं ते असं: वेगवाला आपल्या आवडत्या ३०० मीटरवरच दहा आठवडे रेंगाळतो. ६० सेकंदांचे ५७ होतात, छाती फुगते, आणि १० किलोमीटरची वेळ जागेवर. बलस्थानावर बांधणं म्हणजे त्याला स्पर्धेच्या दिशेने ओढत नेणं. तिथेच तंबू ठोकून बसणं नव्हे. दमवाल्याचा मोह वेगळा. तो सोप्या दिवशीही टेम्पोच्या जवळ पळतो, कारण त्याला ते झेपतं. ४:०८ टिकाऊ पेस असलेल्याची सोपी धाव ५:१५ ते ५:४५ मध्ये हवी. तो ४:४० ने पळत असेल तर मंगळवारची कसरत दरवेळी थोडी अर्धवटच होणार.

स्पर्धेआधी दोघांची कपातही वेगळी. वेगवाल्याने दहा-बारा दिवस आधीपासून अंतर निम्म्यापर्यंत आणावं. दमवाल्याला एवढी सुट्टी दिली तर पाय सुस्तावतात; त्याला सहा-सात दिवस आणि एक तृतीयांश कपात बास.

स्पर्धेत पैसे कुठे खर्च करायचे

पहिल्या किलोमीटरमध्ये गर्दीबरोबर उधळणं दोघांनाही महाग, पण सारखं महाग नाही. ३:५० ने पहिला किलोमीटर गेला तर वेगवाल्याचे ११५ मीटर जातात, निम्म्याहून थोडे कमी. दमवाल्याचे ७३ जातात, म्हणजे ९५ मधले तीन चतुर्थांश, आणि अजून नऊ किलोमीटर बाकी. त्याने ४:१० च्या आसपास घड्याळासारखं पळावं, पूल-चढावावर पेस सोडून द्यावा आणि कोणी मागून झपाट्याने पुढे गेलं तर जाऊ द्यावं. वेगवाल्याने आठव्या किलोमीटरपर्यंत ४:२१-४:२२ पेक्षा वेगात जायचं नाही, कोणाच्या तरी मागे राहायचं, आणि शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये शिल्लक मोकळी करायची.

जिथे वेळेपेक्षा क्रमांक महत्त्वाचा, तिथे शर्यत कशी व्हावी हेही बलस्थानावरून ठरतं. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे हे त्याचं डोळ्यांसमोरचं उदाहरण. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या शर्यतीत) पळणाऱ्या या धावपटूने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. दमाची बाजू किती भक्कम ते यावरून कळतं. जुलै २०२२ मध्ये ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत विलक्षण संथ झाली. विजेत्या सुफियान एल बक्कालीची वेळ ८:२५.१३, आणि निकाल शेवटच्या फेरीतल्या झपाट्यावर लागला. साबळे ८:३१.७५ वेळेसह अकरावा. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगात झाली आणि तोच साबळे ८:११.२० मध्ये रौप्यपदकाचा मानकरी ठरला, सुवर्णविजेत्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपासून ०.०५ सेकंद मागे. वीस दिवसांत कोणी वीस सेकंदांनी सुधारत नाही. शर्यतीची जात बदलली होती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ते दुसऱ्यांवर सोडलंच नाही. तो स्वतः पुढे राहून पळाला आणि ८:१९.५० च्या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण घेऊन आला.

गल्लीतल्या स्पर्धेलाही हे लागू. दमवाल्याने शेवटच्या २०० मीटरपर्यंत पाच जणांचा घोळका सोबत येऊ दिला तर तो पाचवा येणार. त्याने चौथ्या-पाचव्या किलोमीटरपासून एकसारखा, किंचित अस्वस्थ करणारा पेस लावून घोळका फोडायला हवा.

वेग आणि दम यांखेरीज आणखी एक बलस्थान आपल्याकडे सहज तपासता येतं: चढ. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने वर जातो आणि तसाच परत येतो. निकालात मधल्या टप्प्याची वेळ दिली असेल तर तिथला तुमचा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक ताडून पाहा. वर जाताना शंभर जण मागे टाकले आणि उतरताना ते सगळे पुन्हा पुढे गेले, तर चढ तुमचा आहे, उतार नाही. ही कमजोरी मात्र स्वस्तात भरून येते. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याला बरेच निबर होतात. स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी २० मिनिटांची एक उताराची धाव, दहा दिवसांनी आणखी एक. बस्स.

कमजोरीवरच काम करायचं ते कधी

बलस्थानाचा नियम आंधळेपणाने चालवला तर तो बुडवतो. कमजोरी दोन प्रकारची असते. एक नुसतीच कमी असते, दुसरी वाट अडवते. १० किलोमीटर पळणाऱ्या दमवाल्याचे १०० मीटर १६ सेकंदांत होतात, हे पहिल्या प्रकारातलं. त्याने काही बिघडत नाही. पूर्ण मॅरेथॉन पळणाऱ्या वेगवाल्याला ३० किलोमीटरनंतर पायांत गोळे येतात, हे दुसऱ्या प्रकारातलं. तिथे लांब धावांना आणि दर तासाला कर्बोदकं पोटात ढकलण्याच्या सरावाला पर्याय नाही, कितीही वेगवान असा. ओळखायची खूण सोपी: गेल्या तीन स्पर्धांत तुम्ही वेळ कुठे गमावली ते किलोमीटरच्या नोंदींवरून शोधा. तिन्ही वेळा एकाच जागी गळती असेल तर ती अडवणारी कमजोरी.

आणि जिथे गुण टप्प्यांत मिळतात तिथे तर सगळं गणितच पालटतं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असे ५० गुण असतात. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. प्रत्येक प्रकारात ठरावीक वेळेच्या किंवा अंतराच्या आत आलात की त्या टप्प्याचे गुण, आणि सगळ्यात वरच्या टप्प्याच्या पुढे कितीही सरस केलंत तरी जादा काही नाही. ज्या मुलाला १६०० मीटरचे पूर्ण गुण आधीच मिळतायत त्याने आणखी दहा सेकंद कमी करण्यासाठी पहाटेचे दोन महिने घालवले, तर गुणपत्रिकेवर शून्य फरक. तोच वेळ गोळ्याच्या तंत्राला दिला आणि अर्धा मीटर वाढला, तर एखादा टप्पा वर. अशा परीक्षार्थीने भरतीच्या जाहिरातीतला गुणांचा तक्ता समोर ठेवावा, तिन्ही प्रकारांत आपण टप्प्याच्या काठापासून किती दूर आहोत ते लिहावं, आणि सगळ्यात कमी मेहनतीत ओलांडता येणारा काठ आधी धरावा. बलस्थान फक्त पूर्ण गुण राखण्यापुरतं जिवंत ठेवायचं: आठवड्यात एक जोरदार धाव, बाकी सोपं.

चाचणी दर आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा घ्या, त्याच ट्रॅकवर आणि शक्य तितक्या सारख्या हवेत. पावसाळ्यात ओल्या मातीच्या ट्रॅकवर घेतलेली चाचणी उन्हाळ्यातल्या आकड्यांशी ताडू नका. नवे आकडे वाचताना एक गोष्ट धक्का देते: टिकाऊ वेग वाढतो तेव्हा गंगाजळी बऱ्याचदा थोडी घटते. वेगवाल्याचा पेस ४:२० वरून ४:१५ झाला आणि २३८ मीटरचे २१५ झाले, तर १० किलोमीटरसाठी हा फायद्याचाच सौदा आहे. तोच जर ८०० मीटरची तयारी करत असेल तर तोट्याचा, आणि पुढच्या महिन्यात टेम्पो कमी करून ३०० मीटरच्या फेऱ्या परत आणाव्या लागतील.